मोहरीची उशी

लखनौत माणसाचा अपमानसुद्धा 'आप' म्हणून करतात. आमच्या हृदयविभागाचे प्रमुख त्यात तरबेज होते. "डॉक्टर साहिबा, आप क्यों तकलीफ़ करती हैं?" असं ते मला एकदा भर खोलीत म्हणाले. त्याचा सरळ मराठी अर्थ 'चालती हो' असा होता. मला तो कळला, आणि मी खरंच चालती झाले. माझी चूक तिथून सुरू होते, म्हणून सांगायलाही तिथूनच घेते.

ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं ती. मी इस्पितळात भूल द्यायचं काम करत होते. शिपायापासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत सगळे मला 'बेहोशीवाली' म्हणत. माझे वडील भंडाऱ्याहून तारखात्याच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. मी शाळेपासून लखनौची. आम्ही बौद्ध. विभागात माझ्या पाठीमागे मला आणखी एक नाव होतं, 'कोटेवाली', म्हणजे राखीव जागेवरून आलेली. तेही अगदी अदबीने, आवाज खाली करून घेतलं जाई. बेहोशीवाली हे नाव मी मिरवलं, आणि दुसरं ऐकू न आल्यासारखं दाखवलं. ऐकू मात्र सगळं येत होतं. माझा धंदाच कान देऊन बसण्याचा.

म्हणजे कसा, ते सांगते. मुलाच्या हृदयाला भोक आहे का, केवढं आहे, ते बघायला तेव्हा एकच खात्रीची तपासणी होती. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यायची, आतला दाब मोजायचा आणि क्ष-किरणांनी फिल्म काढायची. मोठी माणसं त्या टेबलावर जागी पडून राहतात. चार वर्षांचं पोर कसं पडून राहील? त्याला झोपवावं लागतं. पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून खोलीतले दिवे घालवलेले. अंगावर शिशाचा जड एप्रन. मूल निळं पडतंय की गुलाबी आहे, हे त्या अंधारात दिसायचं नाव नको. बोटाला चिमटा लावला की आकडा सांगणारं यंत्र आमच्याकडे यायला अजून अवकाश होता.

मग मी काय करायची, तर मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोपची छोटी वाटी चिकटपट्टीने लावायची आणि त्याची नळी माझ्या एका कानात. दुसरा कान खोलीसाठी मोकळा. मुलाच्या वरच्या ओठावर कापसाची एक बारीक वात चिकटवायची, तिचं टोक नाकपुडीसमोर. श्वास सुटला की वात हलते. पडद्याच्या उजेडात तेवढं दिसायचं. डाव्या हाताची दोन बोटं सतत हनुवटीखाली. असं दोन-दोन तास लोखंडी स्टूलावर बसायचं. बघणाऱ्याला वाटावं, बाई नुसती बसलीय.

साहेबांनाही तेच वाटलं. त्यांचं म्हणणं, वॉर्डातली सिस्टर झोपेच्या औषधाचं इंजेक्शन देते, मूल झोपूनच खोलीत येतं, मग डोक्याशी आणखी एक माणूस कशाला? बरं, मी तिथे नुसती बसत नसे, बोलतही असे. मूल उथळ श्वास घेतंय, थांबा, असं म्हणायची. त्यांच्या हातातली नळी थांबली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. तसंच एकदा थांबवलं आणि त्यांनी ती 'तकलीफ़' काढली. मी त्या मुलाची तपासणी संपेपर्यंत बसले, कानातली नळी काढली, आणि बाहेर येऊन ठरवलं, करा आता तुमचं तुम्ही.

तीन आठवडे मी त्या खोलीचं तोंड पाहिलं नाही. शस्त्रक्रियेच्या खोल्यांत मला कामाला तोटा नव्हता. महानगर मोहल्ल्यातल्या घरी मी ही गोष्ट मोठ्या ऐटीत सांगितली. वडील निवृत्त होऊन घरीच असत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहून रुसून बसली तू? त्यांचं काय गेलं?"

"पापा, आप नहीं समझेंगे," मी म्हटलं. घरात भांडायची वेळ आली की मला हिंदीच सोपी पडे.

"मले शाळेत दाराबाहेर बसवत होते," ते म्हणाले. "मी घरी नाही गेलो."

हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. वडिलांचं ते दार आणि माझा आत्मसन्मान यांचा काही संबंध आहे असं मला वाटलं नाही. मी ताट सारलं आणि उठले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात एका बाईने मला अडवलं. कडेवर चार वर्षांची मुलगी, काखेत कापडी पिशवी. मलिहाबादची बस कुठून मिळेल, विचारत होती. तिचा नवरा आंब्याची कलमं बांधायचा आणि हंगाम ऐन भरात होता, म्हणून ती एकटीच आली होती. मी रस्ता सांगितला. मग तिने घडी घातलेला कागद पुढे केला. "इसमें क्या लिखा है, बहनजी? साहब ने कहा, घर ले जाओ. दवा भी नहीं लिखी."

मी वाचलं. हृदयाला मोठं भोक. फुप्फुसांतला दाब अंगातल्या रक्तदाबाच्या जवळपास बरोबरीला. शस्त्रक्रियेच्या पलीकडे.

याचा अर्थ साधा आहे. भोकातून जास्तीचं रक्त फुप्फुसांकडे जात राहतं आणि तिथला दाब चढतो. वर्षानुवर्षं चढला की फुप्फुसांतल्या नसा कायमच्या कडक होतात. मग भोक बुजवून उपयोग नसतो, बुजवलं तर मूल जातं. म्हणून असा आकडा आला की घरी पाठवतात. मूल आणखी काही वर्षं काढतं आणि हळूहळू निळं पडत संपतं. आईला हे त्या कागदाने सांगितलं नव्हतं, आणि तोंडी सांगण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

मी मुलीकडे बघत राहिले. किडकिडीत होती, श्वास भराभर चालला होता, पण ओठ गुलाबी होते. कडक झालेल्या फुप्फुसांच्या मुलाचा रंग असा नसतो. मी आईला विचारलं, तपासणीच्या वेळी मुलगी रडली का?

"अरे नहीं!" बाईचा चेहरा खुलला. "इतना अच्छा सोई बिटिया! खर्राटे ले रही थी. बाहर तक सुनाई दे रहा था." मग पिशवीतून तिने एक छोटी उशी काढून दाखवली. मोहरी भरलेली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून तिकडे अशी उशी देतात. ही चार वर्षांची झाली तरी तिची उशी सुटली नव्हती. "राई का तकिया. इसके बिना सोती ही नहीं. मैंने सिस्टर के हाथ अंदर भिजवा दिया था, सर के नीचे रख देना."

ती कौतुकाने सांगत होती आणि मला उभ्या जागी घाम फुटला.

घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय, असं आपल्याकडे सगळे समजतात. झोपेचं औषध दिलेलं मूल घोरतं तेव्हा त्याची जीभ मागे पडून श्वासाची वाट निम्मी बंद झालेली असते. लहान मुलांचं डोकं आधीच अंगाच्या मानाने मोठं. त्याखाली उशी दिली की हनुवटी छातीला टेकते आणि उरलेली वाटही मुडपते. असं मूल तासभर अर्धामुर्धा श्वास घेत पडलं तर फुप्फुसांतला दाब चढतो. नसा चांगल्या असल्या तरी चढतो. श्वास नीट झाला की उतरतो. आईने मायेने उशी पाठवली, सिस्टरने भाबडेपणाने ती डोक्याखाली सरकवली, साहेबांनी अंधारात मन लावून आकडा मोजला, आणि श्वासाकडे बघायला ठेवलेली बाई त्या वेळी रुसून दुसऱ्या मजल्यावर होती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ना, तो मी केला होता. फक्त कापलं गेलं होतं या पोरीचं.

बाईला मी त्या दिवशी बस पकडू दिली नाही. क्ष-किरणांच्या खोलीत एक वयस्क तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना चचा म्हणत. त्यांना गाठलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "हाँ साहिबा, खर्राटे तो ऐसे थे कि मशीन की आवाज़ दब जाए. हमने सोचा, चलो आज बच्ची चैन से सो रही है."

मी मुलीची फाईल काढून घेतली आणि साहेबांच्या सहीच्या खाली लिहिलं : तपासणीच्या वेळी श्वासमार्गात अडथळा होता. हा दाब ग्राह्य धरू नये. श्वास सांभाळून तपासणी पुन्हा करावी. खाली माझी सही, पूर्ण नावानिशी, आडनाव ठळक. प्रमुखांच्या निदानाखाली भूलवाल्याने असं लिहिणं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं.

तासाभरात बोलावणं आलं. साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. इतकी अदब म्हणजे संताप किती असेल ते मी ओळखलं.

"तो अब आप हमें दिल पढ़ाएँगी?"

"दिल आप ही का है, सर. मैं साँस की बात कर रही हूँ."

"वहाँ आप थीं? आपने देखा?"

"नहीं थी," मी म्हटलं. हे म्हणताना माझा आवाज पडला, आणि त्यांना ते कळलं. पण मी थांबले नाही. मुलीचे ओठ, ते घोरणं, ती उशी, सगळं सांगितलं. ते म्हणाले, आईच्या गप्पांवर तपासण्या परत होत नसतात. नळी हृदयात घालणं हा खेळ नाही, एकदा सुखरूप निघालेली दुसऱ्यांदा निघेलच असं नाही. हे मात्र ते खरं बोलत होते. मी चुकीची असेन तर माझ्या हट्टापायी त्या पोरीला उगाच दुसऱ्यांदा जिवाशी खेळायला लावणार होते.

"और आँकड़ा वही निकला तो?" त्यांनी विचारलं.

"तो लिखकर माफ़ी माँगूँगी. और उस कमरे में फिर क़दम नहीं रखूँगी."

"अभी लिख दीजिए," ते म्हणाले आणि कागद सरकवला.

मी लिहून दिलं. मग विचारलं, "और अलग निकला तो, सर?"

"तो देखेंगे." त्यांनी तो कागद खणात ठेवला. चहा तसाच गार झाला होता. मी उठताना मुद्दाम सगळा पिऊन घेतला.

आईला पुन्हा विचारणं भाग होतं. मी तिला सगळा धोका सांगितला, एकही शब्द गोड केला नाही. तिने ऐकलं. संमतीच्या कागदावर अंगठा उठवायच्या आधी म्हणाली, "इस बार आप अंदर रहेंगी?"

"रहूँगी."

"उस दिन आप कहाँ थीं?"

"दूसरे कमरे में काम था," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिने अंगठा उठवला.

तपासणीच्या सकाळी मी वॉर्डातलं इंजेक्शन रद्द करवलं. मुलीला आईच्या कडेवरच खोलीच्या दारापर्यंत आणवलं, तिथेच ट्रॉलीवर शिरेतून थोडं थोडं औषध देत झोपवलं. मग आईकडे हात केला, "तकिया लाई हैं?" तिने लगबगीने उशी दिली आणि मुलीचं डोकं उचलायला गेली. मी तिचा हात थांबवला. उशी मी मुलीच्या खांद्यांखाली सरकवली. डोकं अलगद मागे गेलं, हनुवटी वर आली, गळा मोकळा झाला. मघाशी येऊ लागलेली घरघर बंद झाली. आईने ते पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. मी मुलीच्या ओठावर वात चिकटवली आणि ती श्वासाने कशी हलते, तेही तिला दाखवलं.

दिवे गेले. कानात ठोके, ओठावर वात, बोटं हनुवटीखाली. साहेब नळी वर नेत होते. माझ्याशी बोलणं त्यांनी टाकलं होतं. जे काही सांगायचं ते चचांना सांगत आणि मी ते ऐकायचं. मोजमाप साध्या हवेवर व्हायला हवं म्हणून ऑक्सिजन बंद होता. हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते मानलं होतं.

नळी फुप्फुसांच्या नसेपर्यंत पोचली. "बस, रीडिंग लीजिए," साहेब म्हणाले.

वात हलली नाही. मी मनात दोन मोजले. हलली नाही.

"रुकिए," मी म्हटलं.

"नली अंदर है, साहिबा."

"मालूम है. रुकिए."

मी जबडा पुढे ओढला, तोंडावर मास्क धरला आणि रबरी पिशवी हाताने दाबत साध्या हवेचे श्वास दिले. एक, दोन, आठ, दहा. खोलीतले सगळे हात माझ्या शब्दावर थांबले होते. मला त्या क्षणी साहेबांची भीती वाटली नाही, नोकरीची वाटली नाही. ही पोर माझ्या हातून जाऊ नये एवढीच वाटली, आणि ती भयंकर वाटली. मग कानात तिचा स्वतःचा श्वास आला, मोकळा, आणि मास्क उचलला तशी वात थरथरली. "अब लीजिए," मी म्हटलं.

यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. साहेबांनी ती पडद्याच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. "मशीन ज़ीरो करो," ते चचांना म्हणाले. चचांनी केलं. पुन्हा पट्टी. तीच उंची. मग दहा मिनिटं ऑक्सिजन देऊन तिसरी, तर दाब आणखी खाली. पहिल्या वेळी अंगातल्या दाबाच्या बरोबरीला टेकलेला आकडा आता निम्म्याच्याही खाली होता. नसा कडक झालेल्या नव्हत्या. भोक बुजवता येणार होतं.

साहेबांनी नळी बाहेर काढली. हातमोजे काढत आपल्या मदतनिसाला म्हणाले, "दिल्ली की चिट्ठी बना दीजिए. जल्दी की तारीख़ माँगिए." मी मुलीच्या ओठावरची वात सोडवली. चचांनी दिवे लावले आणि माझ्याकडे न बघता माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

पुढच्या सोमवारी त्या खोलीच्या दारावर एक सूचना लागली, की बेहोशीचा डॉक्टर हजर असल्याशिवाय मूल आत घेऊ नये. कुणी सांगितलं, का सांगितलं, काही नाही. खणातला माझा माफीनामा मला परत मिळाला नाही. माफी त्यांनीही मागितली नाही, आणि मी वाट पाहिली नाही. पाठीमागचं ते दुसरं नाव काही बंद झालं नाही. पूर्वी मी ते न ऐकल्यासारखं करायची, आता मागे वळून "जी, कहिए?" म्हणू लागले. त्याने आवाज बराच कमी झाला.

वर्षभराने, पुन्हा दशहरी आंब्याच्या दिवसांत, ती मायलेक मला शोधत आली. मुलगी व्हरांड्यात पळत होती. पळत होती, हे मी लिहिते आहे तेव्हाही मला चांगलं वाटतं. फ्रॉकच्या गळ्यातून छातीवरच्या व्रणाचं टोक दिसत होतं. आईने पदराच्या गाठीतून एक चिमूटभर कापूस काढून दाखवला. ती म्हणाली, दिल्लीत शस्त्रक्रियेनंतर आणि घरी आल्यावरसुद्धा कितीतरी दिवस ती झोपलेल्या मुलीच्या नाकाशी कापूस धरून बघायची. "अब खर्राटे नहीं लेती ना. तो डर लगता है."

तिच्या हातातला तो कापूस बघून मला राहवलं नाही. मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, मागे तुम्ही विचारलं होतं, पहिल्या वेळी मी कुठे होते. काम हे निमित्त होतं. साहेबांनी मला अपमान करून घालवलं, आणि मी रुसून बसले. तुमची मुलगी आत घोरत होती तेव्हा मी रुसले होते.

बाईने कापूस पुन्हा पदराच्या गाठीत बांधला. मला वाटलं, आता ही बोलेल, बोलायलाच हवं. मी मान खाली घातली नाही, पण घालावीशी वाटत होती.

"रूठने की बात थी, तो रूठेंगी ही," ती म्हणाली. मुलीला हाक मारली, तिचा घामेजलेला चेहरा पदराने पुसला, आणि मग मला, घरातल्या धाकट्या जावेला सांगावं तसं म्हणाली, "मगर अगली बार वहीं बैठके रूठिएगा."

त्यानंतर मी त्या खोलीत पुष्कळ वर्षं काढली. साहेबांशी भांडले, त्यांच्यानंतर आलेल्यांशी भांडले, यंत्रांसाठी भांडले, आणि रुसले तर कितीदा, त्याला गणती नाही. पण प्रत्येक वेळी लोखंडी स्टूलावर, कानात नळी घालून, कुणाच्या तरी हनुवटीखाली दोन बोटं ठेवून.